इन्स्टावरचा ‘अँटिक बंजारा’ हार खरंच चांदीचा आहे का? असं ओळखा

इन्स्टावर एखादं पेज लाईव्ह येतं. ताई कॅमेऱ्यासमोर काळपट, जड हार हलवून दाखवतात. नाण्यांची माळ, लाल-निळे खडे, खाली घुंगरू. ‘प्युअर सिल्व्हर, शंभर वर्षं जुना बंजारा पीस, फक्त १८ हजार!’ आणि कमेंटमध्ये धडाधड ‘बुक्ड’ पडायला लागतं.

तुम्हीही बुक करणार असाल तर आधी हे वाचा.

‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नसतेच. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू, रंग तेवढा चांदीसारखा. त्यातल्या निकेलमुळे काहींना पुरळही येतं. ‘ऑक्सिडाइज्ड’ हे तर धातूचं नावच नाही. तो काळपट केलेला फिनिश, चांदीवरही असतो आणि पितळेवरही. त्यामुळे विचारायचं ते एकच, टंच किती? ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. पण खेड्यातल्या जुन्या दागिन्यांवर बऱ्याचदा शिक्का नसतो, आणि नुसता ९२५चा आकडा कुणीही ठोकू शकतो.

चुंबक लावून बघणारे बरेच असतात. चिकटलं तर आत लोखंड आहे एवढं कळतं. नाही चिकटलं तर काहीच कळत नाही, कारण पितळही चिकटत नाही.

त्यापेक्षा पाण्याची परीक्षा चांगली. दागिन्याचं कोरडं वजन करा. मग दशांश दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करा. दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकवू नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. उत्तर साडेदहाच्या आसपास आलं तर चांदी असण्याची शक्यता चांगली, साडेआठ-पावणेनऊ आलं तर जर्मन सिल्व्हर किंवा पितळ. अडचण एवढीच की लाख भरलेल्या, पोकळ किंवा खड्यांच्या दागिन्यांना हे लागू नाही. तिथे कड्या बघा. एकमेकींवर घासून जिथे झिजल्यात तिथे पिवळा-तांबडा धातू दिसला तर वरचा मुलामा आहे. सराफाकडच्या मशीनलाही वरचाच थर दिसतो, म्हणून मागच्या बाजूला थोडं घासून मग तपासायला सांगा.

आता ‘शंभर वर्षं जुना’चं बघू. नाणी इथे खूप बोलतात. १८७६ पर्यंतच्या रुपयावर व्हिक्टोरिया ‘क्वीन’ आहे, १८७७ पासून ‘एम्प्रेस’. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली आणि १९४७चा रुपया तर निकेलचा. म्हणजे नाणं सांगतं ते इतकंच की दागिना याच्या आधीचा नाही. १८८५ची नाणी घेऊन १९७० साली हार गुंफायला कुणाची मनाई होती?

सगळ्यात मोठी गंमत येमेन-इथिओपियाकडच्या दागिन्यांत असते. त्यात मारिया थेरेसाचं मोठं नाणं दिसतं, त्यावर साल १७८०. ते ऑस्ट्रियाचं, पण राणी गेल्यावरही त्याच सालाने छापलं जात राहिलं. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही!

गावावरून ओळखणं त्याहून कठीण. बारीक तारकाम दिसलं की लोक कटक म्हणतात, पण तेलंगणातल्या करीमनगरलाही ते होतं. कोल्हापूरजवळच्या हुपरीचे पैंजण देशभर विकले जातात, त्यामुळे जयपूरला घेतले म्हणून ते राजस्थानी ठरत नाहीत. आणि जुन्या पदकाला नवी चकचकीत कडी लावलेली असेल, तर तो हार चार ठिकाणचे तुकडे जोडून केलेला असू शकतो. त्यात वाईट काही नाही, फक्त मग ‘ओरिजिनल बंजारा’ची किंमत देऊ नका.

पैसे पाठवण्याआधी मागच्या बाजूचा फोटो आणि वजन मागा. बिलावर ‘चांदी, इतके टंच’ असं लिहून घ्या. लिहून द्यायला नकार आला, तर भाव जर्मन सिल्व्हरचाच लावा.