स्वतःचं गेम कार्ड बनवताय? आधी ते समोरच्याच्या हातात द्या

दिवाळीच्या सुट्टीत मी माझे ‘मॅजिक: द गॅदरिंग’चे दोन जुने डेक आतेभावाला दिले. तो तेरा वर्षांचा, त्याची बहीण अकराची. आठवडाभर दोघं खेळली. मग त्याने जुन्या लग्नपत्रिका कापून स्वतःची कार्डं बनवायला घेतली. त्यातलं एक होतं ‘अग्निनाग’. किंमत फक्त २, ताकद ५ आणि तो कधीच मरत नाही!

पहिले दोन डाव तो जिंकला. तिसऱ्या डावाला बहीण उठून गेली. म्हणाली, “दादा, तुझाच नाग, तूच खेळ.”

तो हिरमुसला. “मी चीटिंग तर केली नाही ना?” नव्हतीच केली. पण आता खेळात खेळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तुमच्या घरातही कुणी आवडत्या गेमसाठी नवी कार्डं बनवत असेल, तर त्याला थांबवू नका. चित्र, भाषा, गणित सगळं त्यात येतं. फक्त समतोल कसा साधायचा, ते समजून घ्या.

एकाला तीन

मॅजिक हा गेम गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी बनवला. तो १९९३ मध्ये बाजारात आला. प्रत्येक खेळाडू किमान ६० कार्डांचा स्वतःचा डेक बनवतो आणि २० लाइफने सुरुवात करतो. कार्ड खेळायला ‘माना’ खर्च करावा लागतो. माना जमिनीच्या कार्डांतून मिळतो आणि एका टर्नला एकच जमीन मांडता येते. म्हणून सुरुवातीला माना कमी असतो, हळूहळू वाढतो.

पहिल्याच संचात पाच रंगांची पाच कार्डं होती. प्रत्येकाची किंमत १ माना आणि प्रत्येकातून कशाचे तरी ३ मिळायचे. ‘हीलिंग साल्व्ह’ ३ लाइफ द्यायचं. ‘लाइटनिंग बोल्ट’ ३ नुकसान करायचं. ‘जायंट ग्रोथ’ त्या टर्नपुरती प्राण्याची ताकद आणि सहनशक्ती ३ ने वाढवायचं. ‘डार्क रिच्युअल’ ३ माना द्यायचं आणि ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ ३ नवी कार्डं.

कागदावर सगळं सारखंच, नाही का? पण ३ लाइफ मिळाल्याने हार फक्त थोडी पुढे ढकलली जाते. ३ नवी कार्डं म्हणजे मात्र तीन नवे पर्याय, तेही एक कार्ड खर्चून. ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ इतकं जबरदस्त ठरलं, की जुन्या कार्डांच्या ज्या स्पर्धांत ते चालतं, तिथेही डेकमध्ये ते एकच ठेवता येतं. इतर बहुतेक कार्डांच्या चार प्रती चालतात. २००१ मध्ये ‘कॉन्सन्ट्रेट’ नावाचं कार्ड आलं. त्यातही ३ कार्डंच मिळतात, पण किंमत ४ माना!

म्हणजे आकडे सारखे असले म्हणून कार्डं सारखी होत नाहीत.

तज्ज्ञही चुकतात

२००४ च्या फेब्रुवारीत ‘स्कलक्लॅम्प’ आलं. हे शस्त्र ज्या प्राण्याला लावाल, त्याची ताकद १ ने वाढते आणि सहनशक्ती १ ने कमी होते. तो मेला की मालकाला २ कार्डं मिळतात.

सहनशक्ती कमी होणं हा तोटा वाटतो ना? पण सहनशक्ती १ असलेल्या छोट्या प्राण्याला ते लावलं, की तो लगेच मरतो. लावायला खर्च १ माना आणि हातात २ कार्डं. तोटा दिसत होता, तोच फायदा निघाला. त्याच वर्षी जूनमध्ये त्या काळच्या मुख्य स्पर्धाप्रकारात त्यावर बंदी आली. हे काम रोज करणाऱ्यांच्या नजरेतूनही ते सुटलं होतं.

आणि चाहत्यांना हे जमत नाही असंही नाही. २००३ चं ‘फरगॉटन एन्शंट’ हे अधिकृत कार्ड चाहत्यांच्या सूचना आणि मतदानातून घडलं होतं.

घरी समतोल कसा साधाल?

जुन्या कार्डाशी तुलना करा: ‘सेरा एंजल’ हे कार्ड ५ मानाला मिळतं. ताकद ४, सहनशक्ती ४, शिवाय ती उडते. मग ५ ताकदीचा अमर नाग २ मानाला कसा?

उपाय ठेवा: प्रत्येक कार्डाला समोरच्याकडे काहीतरी उत्तर हवं.

जोडीदार शोधा: कार्ड एकटं कसं आहे ते पाहू नका. डेकमधल्या कुठल्या कार्डासोबत ते सगळ्यात जास्त त्रास देईल, ते शोधा.

चार प्रती घालून पाहा: एकदा आलेली गंमत दर डावाला आली तर कंटाळा येईल का?

एका वेळी एकच बदल करा: किंमत आणि ताकद दोन्ही एकदम बदलली, तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

कार्ड समोरच्याला द्या: निदान पाच डाव ते त्याच्या डेकमधून खेळू द्या.

आणि एक लक्षात ठेवा. अशी कार्डं घरी, सगळ्यांच्या संमतीने खेळण्यासाठी असतात. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत. मागच्या बाजूला ‘घरी बनवलेलं’ असं लिहून ठेवा, म्हणजे कुणाची फसवणूक होणार नाही.

आम्ही शेवटचा उपाय आधी करून पाहिला. अग्निनाग बहिणीच्या डेकमध्ये घातला. दुसरा डाव हरल्यावर आतेभावाने स्वतःच पेन्सिल उचलली. किंमत ५ केली, ‘कधीच मरत नाही’ खोडलं आणि बहिणीला विचारलं, “आता ठीक आहे?”

तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, “वाट पत्ते.”