शून्य छेद शून्य हे उत्तर नव्हे

वाचकहो, दहावीपर्यंत गणितात बरे गुण मिळवणारे तुमच्या घरातले पोर तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला गेले आणि दिवाळीच्या आतच 'गणित सोडतो' म्हणू लागले, असे झाले आहे का? झाले असेल तर हा लेख त्याला शेजारी बसवून वाचा. तुमचे शिक्षण चौथी-सातवीपर्यंत झाले असले तरी बिघडत नाही. वजाबाकी-भागाकार येतो ना? तेवढ्यावर यातले बरेचसे कळेल.

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, तर वाडीवरचा एक शेतकरी पोरीला घेऊन आला. म्हणाला, "गुरुजी, ही गणित सोडायचं म्हणते. त्याच्या जागी दुसरा विषय घेते म्हणते. तुम्ही एकदा बघा." पोरगी खाली मान घालून उभी. चाचणीत २५ पैकी ४ गुण. तिला व्हायचे होते कृषी अभियंता, आणि त्या अभ्यासक्रमाला बारावीचे गणित लागते. म्हणजे गणित सोडले की तो रस्ता तिथेच संपला. बाप बिचारा म्हणत होता, "तिला झेपत नसेल तर जाऊ द्या." मी म्हटले, आधी वही तर पाहू.

धडा होता 'लिमिट्स'चा. मराठीत लिमिटला सीमा म्हणतात. कॉलेजात सगळे इंग्रजीतून चालते, त्यामुळे मराठी शाळेतून गेलेल्या पोराला आधी शब्दच अंगावर येतात. पण वही पाहिली तेव्हा रोग निराळाच निघाला. पंधरा-वीस उदाहरणे होती आणि प्रत्येकात एकच खड्डा. क्षची किंमत घातली की वर शून्य, खाली शून्य. (पोराच्या वहीतल्या एक्सला आपण इथे क्ष म्हणू.) मग तिने कुठे उत्तर लिहिले होते ०, कुठे १, तर कुठे 'उत्तर नाही'. तिन्ही चूक, पण तिन्हींमागे काही विचार होता. वर शून्य म्हणून ०, वरखाली सारखेच म्हणून १, आणि शून्याने भागता येत नाही असे शाळेत ऐकलेले म्हणून 'उत्तर नाही'. अशा पोराला मी 'ढ' म्हणत नाही. ते विचार करते आहे, फक्त त्याला पुढची वाट कोणी दाखवलेली नाही.

वाट अशी. १२ भागिले ४ म्हणजे ३, कारण ३ चोक १२. आता ६ भागिले ०. कोणत्या संख्येला शून्याने गुणले तर ६ येतील? कोणत्याच नाही. तिथे दार बंद. पण ० भागिले ०? कोणत्या संख्येला शून्याने गुणले तर शून्य येईल? ५ ला गुणा, १०० ला गुणा, शून्यच येते. म्हणजे एक उत्तर ठरतच नाही. तेव्हा शून्य छेद शून्य आले की समजावे, अजून काम बाकी आहे. तिथे पेन खाली ठेवायचे नाही.

मग तिच्याच वहीतले उदाहरण घेतले. अंशात क्ष-वर्ग वजा ९, छेदात क्ष वजा ३, आणि क्ष जातो आहे ३ कडे. मी म्हटले, "सूत्र-बित्र राहू दे. क्षच्या जागी २.९ घाल आणि भागाकार कर." तिने केला. वर वजा ०.५९, खाली वजा ०.१, उत्तर ५.९. "आता २.९९ घाल." ५.९९ आले. "आता तीनच्या पलीकडून ये, ३.०१ घाल." ६.०१ आले. "कुठं निघालंय हे?" ती म्हणाली, "सहाकडं." तोपर्यंत तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता म्हणा ना.

शेतकऱ्याच्या पोराला यापुढे फार सांगावे लागत नाही. कपाशीच्या ओळीत एखादे बी उगवत नाही, तिथे नांगी पडते. त्या जागी झाड नसते, पण अलीकडचे-पलीकडचे झाड पाहून ते कुठे असायला हवे होते हे आपण बोट ठेवून सांगतो. आपल्या उदाहरणात क्ष ३ झाला की तिथे नांगी आहे. किंमतच नाही. पण दोन्ही बाजूंची ओळ ६ कडे बोट दाखवते. ते ६ म्हणजे सीमा.

दर वेळी दशांश घालत बसायचे तर परीक्षेचे तीन तास पुरणार नाहीत, म्हणून बीजगणित. क्षला ३ दिल्यावर वरच्या राशीचे शून्य होते, याचा अर्थ तिच्यात (क्ष − ३) हा अवयव लपलेला आहे. नववीच्या पुस्तकातला 'अवयव सिद्धांत' तो हाच. खालीही शून्य, म्हणजे तिथेही तोच. चोर एकच, पाऊलखुणा दोन ठिकाणी. तो बाहेर काढायचा आणि वरखाली छेद द्यायचा.

आणि इथेच खरी अडचण सापडली. मी म्हटले, "पाड अवयव." तिने क्ष-वर्ग वजा ९ चे अवयव लिहिले (क्ष − ३) गुणिले (क्ष − ३). ते गुणून पाहिले तर क्ष-वर्ग वजा ६क्ष अधिक ९ होतात. बरोबर अवयव (क्ष + ३) आणि (क्ष − ३). म्हणजे अडले होते ते अकरावीच्या धड्यात नव्हे, आठवीच्या सूत्रात! तिच्या धाकट्या भावाचे आठवीचे पुस्तक मागवले आणि चार संध्याकाळी तेवढेच केले. अवयव पाडायचे आणि परत गुणून ताळा पाहायचा. पहिल्या दिवशी तिला लाज वाटली. आईबापांना माझे हात जोडून सांगणे आहे, अशा वेळी 'आठवीचंही येत नाही तुला?' हे वाक्य तोंडातून काढू नका. पाया खचला असेल तर तो वरून गिलावा करून नीट होत नाही, हे आपल्याला घर बांधताना कळते, पोरांच्या बाबतीत कळत नाही.

पाचव्या दिवशी उदाहरण सुटले. (क्ष − ३) वरखाली गेला, उरले क्ष + ३, तीन घातले, उत्तर ६. मी खूश झालो, पण पोरगी गप्प. मग म्हणाली, "गुरुजी, (क्ष − ३) शून्य नाही म्हणून आपण छेद दिला. आणि लगेच क्ष म्हणजे ३ घातले. ही लबाडी नाही का?"

वाचकहो, मी चाट पडलो. हाच आक्षेप आयर्लंडमधल्या जॉर्ज बर्कली या बिशपने १७३४ साली आपल्या 'ॲनालिस्ट' या पुस्तकात न्यूटनच्या पद्धतीवर घेतला होता. आधी धरायचे की ते काहीतरी आहे, आणि काम झाले की म्हणायचे ते काहीच नाही! गणित्यांना याचे नीट उत्तर द्यायला पुढे बराच काळ लागला. फ्रान्सच्या कोशीने १८२१ च्या आपल्या पुस्तकात हा विषय सीमेच्या कल्पनेवर उभा केला, आणि नंतरच्यांनी ती आणखी घट्ट केली. उत्तराचा गाभा आपल्या नांगीतच आहे. सीमा काढताना क्ष ३ होतच नाही, तो फक्त जवळ जातो. म्हणून (क्ष − ३) शून्य नसतो आणि छेद देणे रास्त ठरते. उरलेली क्ष + ३ ही राशी ३ सोडून बाकी सगळीकडे मूळच्या राशीसारखीच वागते. शिवाय तिच्या ओळीत नांगी नाही, म्हणून तिच्यात ३ घालून दोन्ही ओळी कुठे चालल्या आहेत ते वाचून घेता येते.

मग तिला भास्कराचार्यांचे कोडे घातले. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत ते आहे. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ स्थापला होता, तिथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे. कोडे असे, की एका संख्येला शून्याने गुणले, आलेल्यात त्याचेच निम्मे मिळवले, तीनने गुणले, शून्याने भागले, तर ६३ आले. संख्या कोणती? पुढे शून्याने भागायचे असेल तर शून्याने गुणलेली संख्या पुसून टाकू नये, तशीच राखावी, असा त्यांचा दंडक आहे. पोरीने दुसऱ्या दिवशी १४ उत्तर आणले. कापूस वेचता वेचता तोंडी केले म्हणाली. मात्र भास्कराचार्यांनी सीमेचे शास्त्र लिहून ठेवले होते असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका. जवळ जाण्याची कल्पना तिथे मांडलेली नाही. पण शून्याचा गुणक राखून ठेवायचा आणि मग काढायचा, ही नजर त्यांची होती.

पुढे वर्गमुळाची उदाहरणे आली. अंशात (क्ष + ४) चे वर्गमूळ वजा २, छेदात क्ष, आणि क्ष जातो शून्याकडे. इथे अवयव दिसत नाही, तो उघडा करावा लागतो. वरखाली '(क्ष + ४) चे वर्गमूळ अधिक २' ने गुणले की वर क्ष + ४ − ४, म्हणजे नुसता क्ष राहतो. तो छेदातल्या क्षबरोबर गेला. उरले १ भागिले '(क्ष + ४) चे वर्गमूळ अधिक २'. क्षला शून्य घातले की एक चतुर्थांश. करणीचे परिमेयीकरण नववीत झालेले असते, फक्त तिथे ते छेदासाठी करतात, इथे अंशासाठी केले.

एक खोड मात्र मोडावी लागली. छेद द्यायची गोडी लागली की पोरे बेरजेतलेही पद खोडतात. क्ष अधिक ५, छेद क्ष, यातला क्ष खोडून ५ लिहितात. खोडायचा तो गुणक, बेरजेतला तुकडा नव्हे. शंका आली तर क्षला २ देऊन पाहावे. ७ छेद २ म्हणजे ५ नव्हे, हे कोणालाही दिसते. आणि वर ६, खाली ० आले तर अवयव शोधत बसू नये. तिथे लपलेले काही नाही. क्ष ३ च्या जवळ जाईल तशी किंमत एका बाजूने फार मोठी आणि दुसऱ्या बाजूने फार मोठी उणे होत जाते, ओळ कुठेच बोट दाखवत नाही.

पुढच्या चाचणीत तिला १६ गुण पडले. नऊ गेले, त्यातले तीन नुसत्या अधिक-उण्याच्या चुकांत. गणित तिने सोडलेले नाही. आता अवकलनाचा धडा चालू आहे, आणि त्यात पुन्हा हेच शून्य छेद शून्य भेटते, म्हणून दर रविवारी सायकल ओट्याला टेकते.

तुमच्या पोरासाठी एक उदाहरण देतो. अंशात क्ष-घन वजा ८, छेदात क्ष-वर्ग वजा ४, क्ष जातो २ कडे. आधी १.९ आणि २.१ घालून अंदाज घ्यायला लावा, मग अवयव. उत्तर ३ यायला हवे. आले नाही तर अकरावीचे पुस्तक मिटून ठेवा आणि शेजारच्या घरातून आठवीचे मागून आणा.