मागें येणाऱ्या गाडीचे जादा दिवे

मोटारगाडी पुढें जावी म्हणून तिच्या अंगीं जितकी सोय केलेली असते, तितकी ती मागें यावी म्हणून केलेली नसते. पुढें दोन मोठे दिवे, समोर स्वच्छ कांच आणि चालकाचे दोन्ही डोळे. मागें मात्र एक किंवा दोन लहान दिवे व कडेचे आरसे. दिवसाउजेडीं या उणिवेचें कांहीं वाटत नाहीं. परंतु ज्या पिकअप गाड्या आपल्या गांवांतून टोमॅटो, कांदे, दूध किंवा फुलें भरून बाजारास जातात, त्यांचें पुष्कळसें काम अंधारांतच चालतें. शेताच्या बांधावरून, गोठ्याच्या दारांतून, बाजाराच्या गर्दींतून त्यांस मागें यावें लागतें. हौद्यांत माल शिगेस लागला म्हणजे आंतील आरसा निरुपयोगी होतो, आणि मागें कोण उभें आहे हें कळण्यास कडेचे आरसे व थोडासा उजेड एवढाच आधार उरतो. म्हणून अनेक गाडीवाले मागील बाजूस जादा दिवे बसवून घेतात. ते कसे जोडावे, आणि तसेच कां जोडावे, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय केवळ सोयीचा नाहीं. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांत सन २००२ सालीं एक दोन वर्षांचें बालक घरासमोरच मागें येणाऱ्या मोटारीखालीं सांपडून मरण पावलें. गाडी त्याचा पिताच चालवीत होता. त्या बालकाच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा सन २००८ मध्यें तेथें संमत झाला, आणि त्याच्या अनुरोधानें १ मे २०१८ पासून तेथील सर्व नव्या हलक्या गाड्यांस, पिकअप धरून, मागील दृश्य दाखविणारा कॅमेरा बंधनकारक झाला. परंतु कॅमेऱ्यासही पाहण्यास उजेड लागतोच, आणि जुन्या गाड्यांत कॅमेरा नसतो. तेव्हां दिव्याचें महत्त्व कमी झालें आहे असें कोणीं समजूं नये.

प्रथम गाडीच्या मूळ दिव्याची रचना पाहूं. गियरपेटीवर एक लहानसा स्विच बसविलेला असतो. चालकानें रिव्हर्स गियर टाकला कीं आंतील भाग सरकून तो स्विच दाबला जातो. किल्ली फिरविलेली असल्यास बॅटरींतील प्रवाह फ्यूजमधून या स्विचांत, तेथून तारेनें मागील दिव्यांत, आणि दिव्यांतून गाडीच्या लोखंडी सांगाड्यांत जातो. बॅटरीचें ऋण टोंक त्याच सांगाड्यास बांधलेलें असल्यामुळें प्रवाहाचा फेरा पुरा होतो. सांगाड्यासच परतीची तार करण्याच्या या युक्तीस कारागीर ‘अर्थिंग’ म्हणतात.

आतां कोणी म्हणेल, नव्या दिव्यांची तार याच तारेस गुंडाळली म्हणजे झालें! असें पुष्कळ ठिकाणीं करितातही. पण थोडा हिशेब करून पाहा. दिव्याची शक्ति वॅटांत मोजितात. तिला व्होल्टांनीं भागलें असतां अँपियर, म्हणजे प्रवाहाचें मान, मिळतें. मूळचा एक दिवा सामान्यतः २१ वॅटांचा असतो. असे दोन म्हणजे ४२ वॅट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टांची. म्हणून प्रवाह साडेतीन अँपियर. त्यांत ५५ वॅटांचे दोन हॅलोजन दिवे मिळविले तर ११० भागिले १२, म्हणजे सुमारें ९.२ अँपियर अधिक. बेरीज १२.७ झाली. त्या तारेचा फ्यूज दहा अँपियरचा असल्यास तो टिकणार नाहीं. आणि फ्यूज मोठा घातल्यास बारीक तार व गियरपेटीवरील नाजूक स्विच यांवर तो भार पडेल. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते! एल.ई.डी. दिव्यांस प्रवाह पुष्कळच कमी लागतो. १८ वॅटांच्या दोन दिव्यांस तीनच अँपियर पुरतात. तथापि मूळ तार व स्विच या जादा कामासाठीं आंखलेले नसतात, हें तेथेंही खरेंच.

यावर उपाय ‘रिले’ या लहानशा डबीचा आहे. तिच्यांत बारीक तारेचें वेटोळें लोखंडी गाभ्याभोंवतीं गुंडाळलेलें असतें. त्यांतून अल्प प्रवाह गेला कीं गाभा चुंबक बनतो, जवळची लोखंडी पट्टी ओढून घेतो, आणि त्या पट्टीनें एका निराळ्या, मोठ्या प्रवाहाचा मार्ग जोडला जातो. वेटोळ्याचा प्रवाह तुटतांच स्प्रिंग पट्टीस मागें खेंचते व मोठा प्रवाह थांबतो. घरांतील वडील माणूस नुसती खूण करितो आणि जड पेटी दुसरा कोणी बलवान उचलतो, तसाच हा प्रकार. ही युक्ति अमेरिकेंतील शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांच्या सन १८३५ च्या सुमाराच्या प्रयोगांतून पुढें आली, आणि तारायंत्रास तिचा फार उपयोग झाला. शेंकडों मैलांवरून क्षीण होऊन आलेला प्रवाह पुढच्या ठाण्यावरील ताज्या बॅटरीस जागें करी. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, पण तारायंत्रांतील हा जुना सेवक आजही गाड्यांत राबत आहे.

सामान्य रिलेस चार पाय असतात व त्यांवर आंकडे कोरलेले असतात: ३०, ८५, ८६ आणि ८७. त्यांचा अर्थ एकदां ध्यानीं धरला म्हणजे पुढील जोडणी मुलासही समजते. ८५ व ८६ हीं वेटोळ्याचीं दोन टोंकें. त्यांपैकीं ८६ ला गियरपेटीच्या स्विचाकडून मागील दिव्याकडे जाणाऱ्या तारेची बारीक शाखा जोडावी आणि ८५ अर्थ करावा. ३० या पायास बॅटरीच्या धन टोंकापासून फ्यूजमार्गें जाड तार आणावी. ८७ पासून दुसरी जाड तार मागील नव्या दिव्यांकडे न्यावी व दिव्यांचें दुसरें टोंक सांगाड्यास अर्थ करावें. वेटोळ्यास लागणारा प्रवाह अँपियरच्या पांचव्या हिश्शाहूनही बहुधा कमी असतो. म्हणजे मूळ स्विचावर नांवापुरताच भार पडतो आणि खरें ओझें बॅटरीची नवी तार वाहते.

ही तार किती जाड असावी? जर्मन शास्त्रज्ञ ओहम हे कोलोन येथील एका विद्यालयांत शिक्षक होते. त्यांनीं सन १८२७ मध्यें प्रसिद्ध केलेला नियम आमचे विद्यार्थी प्रयोगशाळेंत शिकतात. प्रवाहास तारेच्या रोधानें गुणलें असतां वाटेंत खर्च होणारा दाब मिळतो. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची सहा मीटर तार घेतली तर तिचा रोध सुमारें ०.१ ओहम भरतो. त्यांतून ९.२ अँपियर गेले तर जवळजवळ एक व्होल्ट वाटेंतच नाहींसा होतो, आणि हॅलोजन दिव्याचा प्रकाश सुमारें चतुर्थांशानें घटतो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर हानि ०.४ व्होल्टांवर येते. चार पैसे वांचवून बारीक तार घेणारा मनुष्य महाग दिव्याचा उजेड तारेंतच जाळून टाकितो.

फ्यूजविषयीं सर्वांत अधिक गैरसमज आढळतो. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं आहे असें लोक मानितात. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठीं आहे. गाडीच्या हादऱ्यांनीं तारेचें आवरण झिजून तांबें सांगाड्यास टेंकलें, तर बॅटरी त्या तारेंतून कित्येकशें अँपियर लोटूं शकते. तार लाल होते, आवरण पेटतें आणि जवळच डिझेलची नळी असते! म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत असावा. तो दिव्यांजवळ लावल्यास मधली सारी तार निराधार राहते. त्याचें मान दिव्यांच्या प्रवाहाहून थोडें अधिक, परंतु तारेच्या शक्तीहून कमी असावें. आपल्या उदाहरणांत १५ अँपियरचा, निळ्या रंगाचा फ्यूज योग्य होय. तो उडाला असतां त्याच्या जागीं तांब्याची तार किंवा चांदी-कागद घालणें म्हणजे पहारेकऱ्यास बांधून ठेवून दार उघडें टाकणें आहे.

प्रत्यक्ष काम करितांना क्रम सोडूं नये. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस दगडाची उटी द्यावी व हातब्रेक ओढावा. प्रथम टेस्टलॅंपनें योग्य तार शोधावी: इंजिन बंद, किल्ली फिरविलेली, रिव्हर्स गियर टाकतांच जी तार टेस्टलॅंप पेटविते आणि काढतांच विझविते, तीच आपली. नंतर किल्ली काढून बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें. ऋण टोंकच आधीं कां? धन टोंक सोडवितांना पाना जर गाडीच्या पत्र्यास लागला तर मोठी ठिणगी उडते. ऋण आधीं सुटलें असेल तर प्रवाहाचा फेराच पुरा होत नाहीं. त्यानंतर दिवे हौद्याच्या फाळक्याखालीं, किंचित् जमिनीकडे कललेले, असे बसवावे. अर्थ करावयाच्या जागीं रंग खरडून लोखंड उघडें करावें, बोल्ट घट्ट आवळावा व वर ग्रीस लावावें. तार सांगाड्याच्या कडेनें, नळींत घालून, सायलेन्सर व फिरता शाफ्ट यांपासून दूर न्यावी आणि हातभर अंतराच्या आंत बांधीत जावी. पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबरी वेढणी घालावी. रिले कोरड्या जागीं, पाय खालीं करून बसवावा, म्हणजे पाणी आंत ठरत नाहीं. सारें झाल्यावर बॅटरी जोडावी व फ्यूज सर्वांच्या शेवटीं बसवावा.

मग परीक्षा घ्यावी. गियर टाकतांच रिलेचा ‘टक्’ असा आवाज होऊन दिवे लागले पाहिजेत व काढतांच विझले पाहिजेत. दहा मिनिटें दिवे चालू ठेवून तार, फ्यूज व रिलेचे पाय हातानें चांचपून पाहावे. कोठें चटका बसला तर तेथें जोड सैल आहे किंवा तार अपुरी आहे. नव्या गाड्यांत दिव्यांच्या तारांवर संगणकाची देखरेख असते व परस्पर काम केल्यास कंपनीची हमीही जाऊं शकते. तेथें गाडीसोबतचें पुस्तक वाचून जाणत्या कारागिराकडूनच काम करवावें. बॅटरीचें काम मुलांनीं वडील मंडळी जवळ असल्यावांचून करूं नये.

कांहीं गाडीवाले हे दिवे वेगळ्या स्विचानें केव्हांही पेटतील असे करून घेतात. उभ्या गाडींत माल उतरवितांना तें सोयीचें वाटतें खरें. पण स्विच चालूच राहून गाडी रस्त्यानें निघाली तर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि पांढरा उजेड पाहून गाडी आपल्या समोरून येत आहे असा भ्रम त्यास होतो. मागें लाल दिवा व मागें येतांनाच पांढरा, हा संकेत रस्त्यावरील सर्वांच्या जिवाचा आहे. दिवे किती व केवढे लावतां येतात याविषयीं आर.टी.ओ. कार्यालयांत आधीं विचारून घ्यावें.

सरतेशेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, दिवा अंधार दूर करितो, पण हौद्यामागची, चाकाजवळची जागा चालकास दाखवीत नाहीं. म्हणून गाडी मागें घेण्यापूर्वीं चालकानें उतरून एक फेरी मारावी. क्लीनरनें ठीक मागें उभें न राहतां, चालकास आरशांत आपण दिसूं अशा बाजूस उभें राहावें; तो आरशांतून दिसेनासा होतांच चालकानें गाडी थांबवावी. मुलांनीं उभ्या गाडीमागें खेळूं नये, आणि पांढरा दिवा लागलेला पाहतांच बाजूस व्हावें. त्या दिव्याचा अर्थ घरांतील लहानांत लहान मुलास ठाऊक असावा, हें पालकांनीं आजच पाहावें.