अजब बंगला आणि आपले वावर

वखर चालताना कधी कधी पासेला काही तरी अडकते. दगड समजून आपण ते धुऱ्यावर फेकतो. पण तो दरवेळी दगडच असतो काय?

१८७० सालची गोष्ट. बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाचे गाव आहे. तेथे गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीतून तांब्याचे टोक वर आलेले दिसले. उकरून पाहिले, तर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले! ही तांब्याची हत्यारे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. कोणी ती वितळवून भांडी केली असती, तर सारा इतिहास चुलीत गेला असता.

यातील काही हत्यारे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय १८६३ साली सुरू झाले. मौद्याहून भंडारा रोडने नागपूरला जावे आणि सिव्हिल लाइन्समध्ये 'अजब बंगला' कोठे म्हणून विचारावे. कोणीही सांगेल. लोकांनी त्याला हेच नाव दिले आहे.

वस्तूंचा नुसता ढीग घातला, तर ती अडगळीची खोली होते. म्हणून तेथील जाणकार वस्तू निवडतात. एका काळाच्या वस्तू एकत्र मांडतात. शेजारी चिठ्ठी लावतात. वस्तू काय, किती जुनी, कोठे सापडली, हे चिठ्ठी सांगते. अशा मांडणीलाच प्रदर्शन म्हणतात.

एकदा आम्ही साक्षरता वर्गातील मंडळींना घेऊन तेथे गेलो होतो. एका आजीबाईंनी अक्षर अक्षर जुळवून एक चिठ्ठी वाचली. मग आम्हांला विचारले, "गुरुजी, हे कोनाच्या वावरात निंगालं?"

आम्ही निरुत्तर झालो. पण प्रश्न अगदी नेमका होता. वस्तू कोठे, किती खोल, कशाजवळ सापडली, यावरूनच जाणकार तिचा काळ ठरवितात. जागा हरवली की वस्तू मुकी होते. आणि ती जागा शेतकऱ्यावाचून दुसरे कोण सांगणार?

म्हणून वावरात जुनी नाणी, मूर्ती किंवा हत्यार निघाले, तर ते घासू नका, विकू नका. त्या जागी खूण करा. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, किती, कोठे आणि केव्हा, एवढे लिहावे. कायद्यात सापडणाऱ्याचाही वाटा आहे. लपविले तर तो वाटा जातो, वर शिक्षाही होते.

असे प्रदर्शन गावातही भरविता येते. शाळेच्या ओसरीत एका दिवसापुरती जुनी पायली, जाते, तिफण, रेंगीचे चाक मांडा. त्यांच्या शेजारी आजच्या कुंभाराचे मडके आणि बुरडाची टोपली ठेवा. चिठ्ठ्या आपल्याच हाताने लिहा. म्हाताऱ्यांनी सांगावे, पोरांनी विचारावे. काय बदलले, का बदलले, याची चर्चा होऊ द्या.

पूर्वी आपल्या वस्तूंविषयी दुसऱ्यांनी लिहिले. आता लेखणी आपल्या हाती आली आहे. पहिली चिठ्ठी आजच लिहा.