दाराबाहेरचा जोड

आमच्या जुरोंग ईस्टच्या ब्लॉकमध्ये कुठल्या घरात कोण राहतं, हे दारावरच्या पाटीपेक्षा दाराबाहेरच्या चपलांवरून लवकर कळतं. शेजारच्या चिनी आजींच्या रबरी सपाता, समोरच्या मलय मुलांचे शाळेचे पांढरे बूट, आणि आमच्या रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात कोल्हापुरीचा एक जोड. हा जोड वर्षातून दोनदा बाहेर पडतो, पाडव्याला नि गणपतीत. एरवी इथल्या दमट हवेत त्याच्यावर पांढरी बुरशी धरते. ती पुसायची, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, की आमची सेवा संपली!

जून २०२५ मध्ये या जोडाला एकदम भाव आला. इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल मंडळी अंगठ्याची, चपट्या तळाची चामडी चप्पल घालून रॅम्पवर आली. शेंबडं पोरही ओळखेल अशी कोल्हापुरी. कंपनीने मात्र तिला नुसतं 'चामड्याची सँडल' म्हटलं. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, भारतसुद्धा नाही. मग काय विचारता! आमचे फोन तापले. आम्हीही निषेधाचे चार संदेश पुढे ढकलले.

तेवढ्यात आमच्या कन्येने विचारलं, "बाबा, आपला जोड कुणी केला?"

आम्हाला कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतलं दुकान आठवत होतं. घासाघीस करून पन्नास रुपये कमी केले होते, तेही आठवत होतं. करणाऱ्याचं नाव? ते आम्ही विचारलंच नव्हतं. प्राडानेही नेमकं तेवढंच केलं होतं.

खरं तर परक्याची चप्पल रॅम्पवर नेणं नवीन नाही. रविवारी आम्ही तळ्याकाठच्या जपानी उद्यानात फिरायला जातो, तिथे मुलीला 'तबी'ची गोष्ट सांगितली. जपानी कामगार अंगठा वेगळा असलेलं कापडी पादत्राण घालतात, ते तबी. मार्टिन मार्जेला या बेल्जियन माणसाने ते टोकियोत पाहिलं आणि १९८८ साली पॅरिसच्या आपल्या पहिल्याच शोमध्ये तसे दुभंगलेल्या पुढच्या टोकाचे, उंच टाचेचे बूट आणले. तळाला लाल रंग लावून मॉडेल पांढऱ्या कापडावरून चालल्या, नि मागे खुरांसारखे ठसे उमटले. लोक चक्रावले. पण बुटाचं नाव तबीच राहिलं, आजही तेच आहे. ज्या इशिबाशी कुटुंबाने रबरी तळाचे तबी विकून पैसा केला, त्यातल्याच एकाने १९३१ साली ब्रिजस्टोन टायरची कंपनी काढली, ही आपली जाता जाता गंमत.

आपल्या चपलेचं नाव राखायला मात्र भांडावं लागलं. महाराष्ट्र चेंबरचे अध्यक्ष ललित गांधी यांनी प्राडाला पत्र लिहिलं, तेव्हा लोरेन्झो बेर्तेली यांनी ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. जुलैमध्ये कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथेच २,००० जोड करून घ्यायचे आणि किंमत सुमारे ८०० युरो, असं जाहीर झालं. आमचे पन्नास रुपये आम्हाला फारच बोचले.

कर्नाटक कुठून आलं म्हणाल, तर २०१९ साली मिळालेली भौगोलिक मानांकनाची सनदच दोन्ही राज्यांची आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून आपण इतकी वर्षं भांडतो, पण चप्पल अथणी-निपाणीहून कोल्हापुरात खुशाल येते.

ती करायला लागतं काय? बाभळीची साल नि हिरडा यांत कमावलेलं चामडं. खिळा एक नाही. शिवण चामड्याच्याच वादीची. तळ कापणं, ठोकणं बहुतेक पुरुषांकडे. वेण्या नि नक्षी बायकांच्या हातची. आणि हे सारे हात ज्या समाजाचे, त्याला आपल्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं. चप्पल उंबऱ्याबाहेर, चप्पल करणाराही बाहेर. मिलानवाल्यांना हे ठाऊक नव्हतं, आपल्याला होतं. म्हणून आमचा राग पुढे जरा मवाळच झाला.

सौ.च्या भावाने मग आमच्यासाठी त्या दुकानात खेप घातली. दुकानदाराने जोडाचा फोटो पाहिला, वेणी मोठी करून पाहिली, नि म्हणाला, "हे आमच्या अथणीच्या वहिनींचं काम." फोन नंबरही दिला. कन्येने मराठीत चार वाक्यं जुळवून फोन केला. वहिनी आधी घाबरल्या. त्यांना वाटलं, चप्पल तुटली म्हणून तक्रार आहे. तक्रार नाही म्हटल्यावर खूप हसल्या नि म्हणाल्या, "पावसात घालू नकोस बाळ. आणि खोबरेल नको, एरंडेल लाव."

त्यांचं नाव इथे छापत नाही, छापू का म्हणून विचारायचं राहिलं. कन्येने मात्र ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून रॅकच्या कप्प्याला चिकटवलंय. जोडही आता सगळ्यात वरच्या कप्प्यात आलाय. एरंडेल आम्हाला लिटल इंडियात मिळालं.