चित्रातला तट आणि टेकडीवरचा तट

आपण सदरहून बर्डीकडे निघालो, की स्टेशनजवळच्या टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला दिसतो. लहानपणी वडील मला तो बघायला घेऊन गेले होते. तो दगडी तट पाहून मी ठरवूनच टाकलं, की १८१७ ची लढाई याच भिंतीआडून झाली. पुढे वर्गात, प्रमाणशास्त्र शिकवताना, कित्येक वर्षं मी हेच उदाहरण दिलं. आणि ते चुकीचं होतं!

आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला झाली. तेव्हा टेकडीवर आजच्यासारखा मजबूत तट नव्हता. टेकड्या दोन, एक मोठी, एक लहान. भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवर वळवली. पुढे दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला, आणि इंग्रजांनी ती परत घेतली. म्हणजे खरा प्रश्न भिंतीचा नव्हताच, उंचीचा आणि तोफेच्या टप्प्याचा होता. मी मात्र डोळ्यांपुढचा तट उचलून भूतकाळात नेऊन ठेवला.

आता कुणी म्हणेल, त्या काळची चित्रं बघा की. जरूर बघा. पण काढणारा कोण, ते आधी विचारा. कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांना चित्रकला शिकवत असत. इंग्लंडात ॲडिसकोम इथे १८०९ पासून कंपनीची लष्करी शाळाच होती. चढ कुठे, बुरुज किती पुढे आलाय, तोफ कुठून लागू होईल, हे कागदावर उतरवणं हा त्यांचा कामाचा भाग. विक्रीसाठी छापलेल्या चित्रात मात्र डोंगर उंच होतो, कडा सरळ होतो. जिंकलेला किल्ला जितका अवघड, तितका विजय मोठा, नाही का?

मग छायाचित्र तरी खरं? कला जाहीर झाली १८३९ मध्ये, तेव्हा सीताबर्डीच्या लढाईचा फोटो असूच शकत नाही. पण क्रायमियाचं उदाहरण घ्या. रॉजर फेंटनने १८५५ मध्ये ‘मृत्युछायेची दरी’ एकाच जागेवरून दोनदा टिपली. एका फोटोत तोफगोळे कडेच्या खड्ड्यात आहेत, दुसऱ्यात रस्त्यावरही. आधीचा कुठला? अभ्यासकांनी उतारावरचे बारके दगड तपासले. रस्त्यावर गोळे असलेल्या फोटोत ते खाली सरकलेले दिसले. म्हणजे तो नंतरचा. गोळे बहुधा कुणीतरी मांडले.

यावरून फोटो खोटा ठरत नाही, बरं का. दगडांनीच तर साक्ष दिली. आपण ज्याच्याकडे बघायला सांगितलं जातं तेच बघतो. पुरावा मात्र पुष्कळदा कोपऱ्यात पडलेला असतो.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. वर्षातले मोजके दिवस, जसं २६ जानेवारी, तो लोकांसाठी उघडतो. जाल तेव्हा नातवंडांना घेऊन जा. तट दाखवा. पण त्याआधी, क्षणभर, तटाशिवायची ती टेकडी डोळ्यांपुढे आणा. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते सांगायचं राहून गेलं.