जोप्पाचे खडक आणि परीक्षेचे दिवस

रविवारी सकाळी ओहोटी असली की मी जोप्पाच्या किनाऱ्यावर जाते. एडिंबरा शहराच्या पूर्वेला पोर्टोबेलोची वाळू संपते तिथे हे खडक लागतात. वाळूच्या दगडाचे थर तिरके वर आलेले, मध्ये घळी, घळींत साचलेलं समुद्राचं पाणी. शेवाळाचा निसरडा पट्टा टाळून कोरडा दगड शोधायचा, पुढचं चाक त्याच्या कडेला टेकवायचं, दोन्ही ब्रेक दाबायचे आणि पाय न टेकता उभं राहायचं. ट्रायल्स सायकलिंग इथूनच सुरू होतं, जागच्या जागी तोल धरण्यापासून.

स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलला बसायला सीट नसते. गिअर एकच. फ्रीव्हील मागच्या चाकाऐवजी पुढे क्रँकवर बसवलेलं असतं. रिमची कड ग्राइंडरने मुद्दाम खरखरीत करतात, म्हणजे ब्रेकचं रबर जरासुद्धा घसरत नाही. मागच्या टायरमध्ये हवा इतकी कमी की अंगठ्याने दाबलं तर रबर आत जातं. मागच्या चाकावर उभं राहायचं, ब्रेक सोडता सोडता पुढच्या पायाने पॅडलला पाव फेरा हाणायचा, अंग पुढे झोकायचं आणि चाक पलीकडे टेकायच्या आत ब्रेक पुन्हा धरायचा. हे सगळं एका श्वासात होतं. चुकलं तर पॅडलचे दात नडगीत घुसतात.

हा खेळ वाढला स्पेनमधल्या कॅटलोनियात, मोटरसायकल ट्रायल्सच्या सावलीत. एडिंबराशी त्याचं नातं जोडलं ते डॅनी मॅकअस्किलने. स्काय बेटावरचा हा मुलगा इथल्या सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. एप्रिल 2009 मध्ये त्याची साडेपाच मिनिटांची फिल्म आली आणि टोकदार कुंपणाच्या माथ्यावरून सायकल चालवणारा तो माणूस जगाने पाहिला. मी इथे नोकरीला आले ती त्यानंतर. सत्ताविसाव्या वर्षी एका रिकाम्या पार्किंगमध्ये लाकडी पॅलेटवर चढायला शिकले. एक पॅलेट साधारण 14 सेंटीमीटर उंच. पहिलं पॅलेट जमायला मला तीन आठवडे लागले.

नोकरी इमारतींच्या आराखड्यांची होती. 14 जून 2017 रोजी लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि 72 माणसं गेली. त्यानंतर टेबलावर आलेली प्रत्येक बाह्यभिंत मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. स्टीलला अमुक मिनिटांचं अग्निसंरक्षण हवं, हे मी तक्त्यातून उतरवत होते. तो आकडा कुठून येतो, हे मला सांगता आलं नसतं. काही वर्षं हे मनाला टोचत राहिलं. शेवटी बारा वर्षांची नोकरी सोडून अग्निसुरक्षा अभियांत्रिकीच्या एका वर्षाच्या एमएस्सीला नाव घातलं. नाशिकहून आई फोनवर म्हणाली, "अगं, आता परत शाळा? मग ती सायकल तरी ठेव बाजूला."

पहिल्या आठवड्यात आईचं म्हणणं पटलं होतं. वर्गातली मुलं बावीस-तेवीस वर्षांची, गणित त्यांच्या बोटांवर ताजं. उष्णता वहनाचं समीकरण फळ्यावर आलं आणि मला आंशिक विकलन आठवेना. इतकी वर्षं हे काम सॉफ्टवेअर करत होतं. प्रमाणित आगीचा आलेख अर्ध्या तासात 842 अंश सेल्सिअस गाठतो आणि 600 अंशांना स्टीलची ताकद निम्म्याच्या खाली उतरते. दोन्ही आकडे मला पाठ होते. त्यांच्यामधली वाट, म्हणजे हवेतली उष्णता तुळईत किती वेळात शिरते, ती हाताने मांडायची होती.

तिथे मला सेक्शनची सवय उपयोगी पडली. ट्रायल्सच्या स्पर्धेत अडथळ्यांचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक सेक्शन. स्वार तो आधी पायी चालून बघतो. कुठे चाक टेकायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठला दगड हलतो, हे सगळं सायकलवर चढण्याआधी ठरतं. जुन्या पद्धतीत पाय टेकला की एक गुण दंड, सेक्शन बुडाला की पाच. मी गणितं तशीच सोडवू लागले. आधी पेन खाली ठेवून प्रश्न शेवटपर्यंत चालून जायचा. मग लिहायचं, आणि जिथे वही उघडून बघावं लागलं तिथे समासात एक रेघ मारायची. पाच रेघा झाल्या की ते गणित दुसऱ्या दिवशी पुन्हा. ऑक्टोबरमध्ये पानोपानी पाच रेघा होत्या. नोव्हेंबरच्या अखेरीस दोन-तीनवर आल्या.

सायकलचं वेळापत्रक मात्र मी चुकवलं. नोकरीत असताना करायचे तितकाच सराव, तितक्याच उंचीवर चालू ठेवला. डिसेंबरात इथे दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, दगडी फरसबंदी ओली असते. पहिल्या परीक्षेच्या सहा दिवस आधी दिव्याच्या उजेडात चार पॅलेटच्या चळतीवरून घसरले आणि उजवं मनगट मुरगळलं. दोन तासांचा पेपर पट्टी बांधून लिहिला. शेवटचं गणित अर्धं राहिलं, येत असूनही.

मग सायकल सोडून पाहिली. तीन आठवडे ती दाराआड उभी होती. मनगट बरं झालं, पण अभ्यासाला बसले की वीस मिनिटांत डोकं जड व्हायचं. जानेवारीत नवा नियम केला. मंगळवारी आणि गुरुवारी चाळीस मिनिटं, रविवारी ओहोटीच्या वेळी दोन तास. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे उडी नाही, पॅलेट एकच, फक्त तोल आणि मागच्या चाकावरचं उभं राहणं. उंची गेली तरी हाताला ब्रेकची सवय राहिली. एप्रिलच्या परीक्षांनंतर चार पॅलेट दुसऱ्याच दिवशी जमली.

उन्हाळा प्रबंधात गेला. लाकडाच्या नमुन्यात तापमान मोजणारे थर्मोकपल बसवायचे, भट्टीत ठेवायचं आणि कोळशाचा थर किती आत सरकतो ते मोजायचं. नरम लाकूड मिनिटाला 0.65 मिलिमीटर वेगाने कोळसा होतं, असं युरोपीय संहिता धरून चालते. हा आकडाही मी वर्षानुवर्षं नुसता उतरवला होता. जुलैमध्ये तो कापलेल्या नमुन्यावर पट्टी लावून मी स्वतः मोजला. ऑगस्टमध्ये प्रबंध दिला.

नोकरीच्या मध्यात पुन्हा शिकायला जाणाऱ्यांना घरचे आणि मित्र सांगतात, बाकीचं सगळं आता बंद करा. माझा अनुभव वेगळा आहे. जे अंगात मुरलेलं आहे ते बंद करू नका. कठीण आठवड्यात त्याची उंची कमी करा, दिवस कमी करू नका.